डोळे कोणावर गेले

नाक
आत्याचं. यावर वाद नाही.

कान
मामाचे. "मामानं जन्मात कोणाचं ऐकलं नाही, कान घेऊन काय करायचंय," सासू म्हणाली.

हट्ट
आजोबांचा. त्यांनी तो मान्य केला नाही. शेवटपर्यंत नाही.

डोळे
हे कोणी मागितले नाहीत.

बाळाच्या दोन्ही डोळ्यांत बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा बनलाच नव्हता. जिथे थोडं तपकिरी दिसायला हवं तिथे नुसती काळी बाहुली, पार काठापर्यंत. खिडकी उघडली की बाळ आईच्या खांद्यात तोंड खुपसायचं.

"तुमच्याकडे असतील कोणाचे तरी असे," सासू म्हणायची. "आठवून बघ."

सून आठवून बघायची. शिलाईचं मशीन चालवता चालवता तिनं माहेरची सगळी चुलत घराणी पालथी घातली. जाड भिंगांचे चष्मे निघाले, एक तिरळा काका निघाला. असे डोळे कोणाचे निघाले नाहीत.

गोळी
हिचं नाव घरात कोणी काढत नव्हतं.

गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात सुनेला ताप चढला होता. ती नको म्हणत होती, तरी सासूनं डब्यातली एक गोळी तिच्या हातावर ठेवली. "अगं घे, मी तीन पोरं वाढवलीत." ताप उतरला. सासू पुन्हा जेवणाची पानं मांडायला लागली, सून पुन्हा मशीनवर.

बाळाचे डोळे बघितले त्या दिवसापासून सासूची जीभ धारदार झाली. ती कशाला घाबरलीय ते सुनेला दिसत होतं, कारण ती स्वतःही त्यालाच घाबरली होती.

रक्त
तिघांचं घेतलं: बाळाचं, आईचं, बापाचं. बाप लिफ्ट दुरुस्त करतो, सातव्या मजल्यावर लोंबकळतो. सुई बघून मात्र खुर्चीत बसला तो बसलाच.

अहवाल आला तेव्हा चौघं डॉक्टरांसमोर होती.

"डोळा कसा घडवायचा हे सांगणारं एक जनुक असतं," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्या प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात. हिच्या एका प्रतीत चूक आहे. तुम्हा दोघांच्या रक्तात ती सापडली नाही. म्हणजे ती हिच्यापासूनच सुरू झाली. पुढे हिला मुलं होतील तेव्हा दर वेळी निम्मी शक्यता. आत्ता डोळ्यांतला दाब तपासत राहायचा, उन्हात काळा चष्मा."

"मग ती गेली कोणावर?" सासूनं विचारलं.

"कोणावरच नाही, आजी."

सून बाळाचा मोजा वर ओढत होती. वर न बघताच म्हणाली, "मी तापाची गोळी घेतली होती. दुसऱ्या महिन्यात. त्यानं झालं का?"

"नाही. ही चूक त्याच्या आधीची. गर्भ राहिला तेव्हापासून ती तिथे होती."

मग सासू म्हणाली, "तिनं नव्हती घेतली. मी दिली. ती नको म्हणत होती."

"तरी उत्तर तेच."

"परत एकदा सांगा."

डॉक्टरांनी परत सांगितलं, सावकाश. सासू एकेका शब्दावर मान हलवत होती. सून मोज्याशी थांबली होती, तो केव्हाच वर आला होता.

बाप दोघींकडे बघत म्हणाला, "कुठली गोळी?"

"तू थांब रे," दोघी एकदम म्हणाल्या.