बसच्या मागे मोटरहोम

लॉकडाऊन उठला त्या सकाळी दादारावांनी मोटरहोमची, म्हणजे त्यांच्या राहायच्या व्हॅनची सगळी आवराआवर केली. विजेची वायर गुंडाळली, पाण्याचा पाइप सोडवला, गॅस बंद केला, कपाटांच्या खिट्ट्या लावल्या. मग ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि त्यांनी शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती. नलिनी खाली उभी होती. खांद्याला पर्स, अंगात जाड जॅकेट. ती बस स्टॉपवर उभी असल्यासारखी दिसत होती.

"चल, बस," दादाराव म्हणाले. "अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचंय."

"मी नाही येत."

"म्हणजे? काही राहिलंय का आत?"

"नाही. मी व्हॅनमध्ये नाही बसणार. तुम्ही जा."

दादारावांना वाटलं, तब्येत बिघडली असणार. ते खाली उतरले. कपाळाला हात लावला, घसा दुखतोय का विचारलं, वास येतोय का विचारलं. त्या दिवसांत कुणी जरा वेगळं वागलं की माणसाच्या मनात पहिल्यांदा तेच यायचं. नलिनी तर चाळीस वर्षं लॅबमध्ये काम केलेली बाई. ती हसली.

"अहो, मला काही झालेलं नाही. बरी आहे मी."

"मग?"

"माहीत नाही," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरूनही तिला खरंच माहीत नाही असं दिसत होतं.

हे घडलं क्वॉर्नला, साउथ ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या गावात, कॅराव्हॅन पार्कच्या लाल मातीत. मे महिन्याच्या शेवटी दोघं सिडनीहून निघाले होते. ब्रोकन हिलमार्गे इकडे आले आणि मागे सिडनीत कोविडच्या डेल्टाची साथ पसरली, राज्यांच्या बॉर्डर बंद झाल्या. परत जायचं तर घरात कोंडून बसावं लागणार होतं. त्यापेक्षा आहोत तिथे बरे, असं दोघांचंही ठरलं. मग इथेही आठवड्याचा लॉकडाऊन लागला. पार्कमधली माणसं त्यांची न्यू साउथ वेल्सची, म्हणजे सिडनीकडची नंबरप्लेट बघून जरा लांबूनच बोलायची. पण तेवढं सोडलं तर आठवडा चांगला गेला होता. नलिनीने रोज डोंगराकडे तोंड करून चहा घेतला होता, भांडण नव्हतं, तंटा नव्हता. दादारावांनी तो आठवडा मनात उलटसुलट करून पाहिला. कुठेच काही सापडेना.

शिवाय ही व्हॅन तिची होती. म्हणजे हौस तिची. दादाराव सिडनीतल्या पॅरामॅटाच्या सरकारी ऑफिसात नोकरी करून रिटायर झालेले, त्यांना बाथरूमचं दार नीट लागणारं हॉटेल आवडायचं. नलिनीने मात्र वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असताना वर्षानुवर्षं ऑस्ट्रेलियाचा नकाशा खुर्चीमागे लावून ठेवला होता. दोन हजार वीसचं अख्खं वर्ष कोविडची सॅम्पल तपासण्यात गेलं, आणि नाताळात ती रिटायर झाली तेव्हा तिने पहिल्यांदा व्हॅनच बघितली. पडदे तिने शिवले. दादाराव आधी कुरकुर करत चढले, आणि दोन महिन्यांत त्यांना ते इतकं आवडलं की संडासाची टाकी रिकामी करायचं कामसुद्धा ते शीळ घालत करायचे.

"अगं, पुढे कूबर पीडी, मग ॲलिस स्प्रिंग्ज, मग उलुरूचा डोंगर. तुलाच बघायचं होतं ना?"

"अजूनही बघायचंय."

"मग व्हॅनशिवाय कशी जाणार?"

यावर तिने थोडा विचार केला. "बसने," ती म्हणाली.

शेवटी पार्कच्या मॅनेजर बाईंनी नलिनीला आपल्या गाडीतून पोर्ट ऑगस्टाला सोडलं. त्या गाडीत ती सहज चढली, सीटबेल्ट लावला, हातसुद्धा हलवला. तिथून तिने दादारावांच्या पुतणीकडे जायला ॲडलेडची बस पकडली. दादारावांना दुसरं काही सुचलं नाही. ते बसच्या मागे निघाले. ताशी नव्वदच्या वेगाने चार तास त्यांनी त्या बसची मागची काच बघितली. मध्ये बस थांबली तेव्हा तेही थांबले. नलिनीने मास्क खाली करून त्यांना सँडविचचा अर्धा तुकडा दिला आणि ती पुन्हा बसमध्ये जाऊन बसली.

ही पुतणी, अपर्णा, ॲडलेडच्या मॉसन लेक्स भागात राहायची. युनिव्हर्सिटीसाठी आली होती, शिकली, पीआर घेऊन कायमची राहिली, आता एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम घरूनच करायची. तिने काकूंना खोली दिली आणि काकांना विचारलं, "काका, व्हॅन किती दिवस उभी राहील? शेजारचे विचारतायत."

"तुझ्या काकूला विचार," दादाराव म्हणाले.

अपर्णाने काकूंना विचारलं नाही, पण तिचं एक मत होतं. "काका, हे डिप्रेशन असू शकतं. जीपी डॉक्टरला दाखवू या." जीपीने रक्तदाब पाहिला, बराच वेळ प्रश्न विचारले आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मेलबर्नहून लेक क्षितिजाचा फोन आला. ती म्हणाली, "डॅड, शी इज बर्न्ट आउट. अख्खं वर्ष तिने दुसऱ्यांचं टेन्शन घेतलं. गिव्ह हर स्पेस." सिडनीच्या बुद्धविहारातला जुना मित्र विवेक म्हणाला, "जय भीम दादाराव. अरे, एप्रिलमध्ये वहिनींची बहीण सुहासिनीताई वारल्या नागपूरला. वहिनींना जाता आलं नाही, अंत्यविधी फोनवर बघावा लागला. ते आता बाहेर येतंय."

दादारावांना प्रत्येकाचं म्हणणं ऐकताना पटायचं आणि फोन ठेवल्यावर पटेनासं व्हायचं. एका दुपारी त्यांनी ही तिन्ही कारणं नलिनीपुढे ठेवली. ती कोथिंबीर निवडत होती.

"असेल," ती म्हणाली.

"असेल काय? यातलं कुठलं?"

"ताई गेली तेव्हा मी आतून हलले. अजूनही रडू येतं. पण व्हॅनचा तिच्याशी काय संबंध? मला जोडता येत नाही हो. मी प्रयत्न केला."

"मग भीती वाटते का? रस्त्याची? मी चालवतो त्याची?"

"नाही. भीती नाही, राग नाही. जेवण झाल्यावर कुणी वाढायला आलं की ताटावर हात आडवा जातो ना, तसं होतं."

"म्हणजे पोट भरलं."

नलिनीने कोथिंबिरीची काडी खाली ठेवली. "तेच तर कळत नाही. पोट भरलेलं नाहीये."

दादारावांनी मग स्वतःच शोध घ्यायचं ठरवलं. ते नोकरीत फाइलमधली चूक शोधण्यात पटाईत होते. एकदा त्यांनी व्हॅनमध्ये चहा केला आणि तिला हाक मारली. ती आली. पायऱ्या चढली, आपल्या नेहमीच्या जागी बसली, चहा प्यायली, कप धुऊन ठेवला, पडद्याचा उसवलेला टाका पाहून 'हा घालायला हवा' म्हणाली. दादारावांच्या जिवात जीव आला. त्यांनी काही न बोलता पुढे जाऊन किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं तशी ती उठली आणि उतरून घरात निघून गेली. धावत नाही, घाबरून नाही. पाहुणा वेळ झाली म्हणून उठतो तशी.

'इंजिनच्या आवाजाचा त्रास असेल,' असं त्यांनी धरलं. पण त्याच संध्याकाळी ती अपर्णाच्या गाडीतून इंडियन दुकानात जाऊन आली आणि येताना पुढे बसून रेडिओवर गाणी ऐकत होती.

ऑगस्ट असाच गेला. सिडनीचे आकडे रोज टीव्हीवर वाढत होते, घरी परत जाण्यात अर्थ नव्हता आणि अपर्णाच्या घरी तरी किती राहायचं? शेवटी दादारावांनी व्हॅन विकायचं ठरवलं. परदेशात कुणाला जाता येत नव्हतं, त्यामुळे अशा व्हॅनला भारी मागणी होती. नलिनीला त्यांनी सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली. जाहिरात टाकली आणि शनिवारी जवळच्या गॉलर गावाहून एक जोडपं बघायला आलं.

दादाराव बोलायला पुढे होणार, एवढ्यात नलिनीच बाहेर आली. तिने त्या बाईला आत नेलं. कुठल्या कपाटात कढई नीट बसते, वारा सुटला की कुठली खिडकी आधी लावायची, पलंगाखालच्या जागेत तांदळाचा डबा ठेवला तर वळणावर कसा घसरत नाही, सगळं दाखवलं. ब्रोकन हिलच्या बाहेर पहाटे कांगारू दाराशी आले होते, तेही सांगितलं. सांगताना तिचा चेहरा खुलला होता. बाहेर उभे राहून दादाराव ऐकत होते आणि त्यांना कळेना की ही बाई व्हॅन विकतेय की तिचं लग्न लावतेय. ते जोडपं तर एकदम खूश झालं. नवऱ्याने आगाऊ पैसे भरायला खिशातून फोन काढला.

"सॉरी," नलिनी म्हणाली. "आम्हाला विकायची नाहीये."

जोडपं गेल्यावर दादारावांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो असा रस्त्यावर चढला नव्हता. "तुला नक्की हवंय तरी काय? बसायचं नाही, विकायची नाही! तूच मला यात ओढलंस. मी तर नको नको म्हणत होतो. आता मला आवडायला लागलं तर तू उतरलीस. मी काय समजायचं? मी नको झालोय का तुला?"

खिडकीतून अपर्णा डोकावली आणि आत गेली.

नलिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला माहीत असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं का? तुम्ही सगळे मला कारण विचारता. मी रोज स्वतःला विचारते. काहीतरी बनवून सांगू का? ताईमुळे म्हणून सांगू? तुम्हाला बरं वाटेल, पण ते खोटं असेल."

बनवून सांगितलं असतं तर आपल्याला खरोखरच बरं वाटलं असतं, हे दादारावांच्या लक्षात आलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

"तुम्ही एकटे जा उलुरूला," ती थोड्या वेळाने म्हणाली. "खरंच जा. मला फोन करत जा."

ही परवानगी आहे की आपल्याला बाहेर काढतेय, हे त्यांना ठरवता येईना. तरी सप्टेंबरमध्ये ते निघाले. एकट्याने चालवायला लागल्यावर पहिले काही तास छान वाटलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण अधूनमधून मोठ्याने बोलतोय. "हे बघ, गरुड." "हे बघ, मीठ आहे का पाणी आहे ते?" उत्तर येत नव्हतं. कूबर पीडीच्या अलीकडे एका थांब्यावर ते जेवायला म्हणून डाव्या, नलिनीच्या सीटवर जाऊन बसले. तिथून रस्ता वेगळाच दिसत होता. हातात काही नाही, पायाखाली काही नाही, नुसतं बघत बसायचं. त्यांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. सिग्नल होता; त्यांनी तिथूनच फोन लावला.

"नलू, मला कळलं. मी तुला एकदाही चालवायला दिली नाही. तुला चालवायची होती, हो ना?"

पलीकडून ती म्हणाली, "अहो, नाही. एवढी मोठी गाडी? मला बाई नाही जमणार. मी तर बरं म्हणायचे की तुम्ही चालवताय."

"नक्की?"

"नक्की. जेवलात का?"

जेवलो, असं त्यांनी सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांना हसू आलं, आणि हसता हसता थोडं रडूही आलं. त्यानंतर त्यांनी कारण शोधलं नाही. कंटाळून म्हणा, किंवा थकून. संध्याकाळी त्यांनी तिला पुन्हा फोन केला आणि कारणाचा विषय न काढता एवढंच विचारलं, "ॲलिसपर्यंत विमानाने येशील?"

"येईन की," नलिनी लगेच म्हणाली. ती जणू या प्रश्नाची वाटच बघत होती. "तिथून टूरची बस असते. अपर्णाने बघून ठेवलंय."

"केव्हापासून बघून ठेवलंय?"

"तुम्ही निघालात त्या दिवसापासून."

ॲलिसच्या विमानतळावर नलिनी मास्क लावून बाहेर आली. दादारावांनी तिची बॅग घेतली. व्हॅनपाशी आल्यावर दोघंही क्षणभर थांबले. तिने दार उघडून आत डोकावलं, ओट्यावरून बोट फिरवून "पुसत नाही वाटतं" म्हणाली, आणि टॅक्सीने हॉटेलवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी टूरची बस निघाली, आणि तिच्या मागे दादारावांची व्हॅन.

उलुरूपाशी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. तो डोंगर खूप मोठा आणि अगदी एकटा होता. नलिनीने दादारावांचा हात धरला होता. ताईला फोटो पाठवला असता, असं ती म्हणाली. नंतर तिने लॉजमध्ये खोली घेतली, ते कॅम्पग्राउंडवर उतरले, आणि सकाळी ती चालत व्हॅनकडे चहाला आली.

"बसमधली एक बाई मला विचारत होती," चहात बिस्किट बुडवत ती म्हणाली. "तो माणूस ॲलिसपासून आपल्या मागे येतोय, तुझ्या लक्षात आलं का? मी म्हटलं, तो माझा नवरा आहे."

"मग?"

"मग ती म्हणाली, तू त्याच्याबरोबर का बसत नाहीस?"

दादारावांनी कप खाली ठेवला. "तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आम्हाला माहीत नाही."

"आणि ती?"

"ती म्हणाली, नो वरीज."

दादाराव हसायला लागले. नलिनीही हसली. तिच्या ओठांना बिस्किटाचा चुरा लागला होता. मग त्यांनी परतीची बस किती वाजता सुटते ते विचारलं, म्हणजे त्याआधी डिझेल भरून घेता येईल.