नऊ पस्तीसची होडी

शके १८८८, कार्तिक वद्य षष्ठी, रविवार, म्हणजे ४ डिसेंबर १९६६ या दिवशी, ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावरील वाशी गावातून येसूबाई कोळीण आणि मी असे दोघे सांताक्रूझच्या विमानतळावर जाण्यासाठी निघालो. निघण्याची वेळ मी लेखी ठरवून दिली होती : सकाळी नऊ वाजून पस्तीस मिनिटे. प्रत्यक्षात आम्ही पहाटे पावणेसहाला निघालो, आणि तेही माझी एक चप्पल चिखलाला अर्पण करून. या तफावतीचे कारण नीट सांगणे मला भाग आहे. कारण त्यात चूक कोणाची याविषयी गावात दोन मते होती, आणि त्यांपैकी एक एकट्या माझे होते.

मी मूळचा वाईचा. वाशीच्या प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून तेव्हा माझे तिसरे वर्ष चालू होते. गावातली पत्रे मीच वाचून दाखवीत असे आणि उत्तरेही मीच लिहीत असे. येसूबाईंचा मुलगा रोहिदास याचे पत्र कलकत्त्याहून आले ते मी त्यांच्या ओट्यावर बसून दोनदा वाचले. दोन वर्षांपूर्वी तो आगबोटीवर खलाशी म्हणून गेला होता. आता कंपनी त्याला दुसऱ्या बोटीवर पाठवीत होती, आणि ती बोट एडनला उभी होती. कलकत्त्याहून विमानाने दुपारी बाराला सांताक्रूझ, तेथून साडेतीनच्या विमानाने एडन. मधल्या वेळात घरी येऊन जाण्याची सवड नव्हती. एडनला तीन वर्षांच्या करारावर सही करायची होती. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते : ‘आये, पहिल्या खेपेला तू नारळ दिला नाहीस. या खेपेला तू येऊन हातात नारळ दिलास तरच मी सही करीन. नाही आलीस तर मी विमानातून परत उतरलो असे समज आणि घरी माझी वाट पाहा.’

या नारळाचा अर्थ मला तुळशीराम नाखव्याने सांगितला. मानखुर्दला जाणारी होडी त्याची, आणि येसूबाईंच्या नवऱ्याचा तो जुना सोबती. त्यांच्या घरात अशी रीत होती की, माणूस नव्या गलबतावर पहिल्यांदा पाय ठेवतो तेव्हा घरातल्या थोरल्या बाईने त्याच्या हाती नारळ द्यायचा. नारळ दिला म्हणजे जायचा हुकूम दिला. नवरा खाडीत बुडाल्यावर येसूबाईंनी पोराला पाण्यावर न पाठवण्याचे मनाशी धरले होते. रोहिदास आगबोटीवर गेला त्या दिवशी त्या घराचे दार लावून आत बसून राहिल्या. तो बिननारळाचा गेला.

“जाणार का?” मी विचारले.

“जानार. पत्रात समदेच बरे असतात, मास्तर. मी लिहिलं असतं तर मीबी ‘बरी हाय’च लिहिलं असतं. डोल्यांनी बघीन, मग ठरवीन.”

त्या एकट्या जाणे शक्य नव्हते. मानखुर्दपलीकडची मुंबई त्यांनी पाहिलेली नव्हती, आणि कुर्ल्याला कोणत्या पुलावरून कोठे उतरायचे हे अक्षर न ओळखणाऱ्याला कळणे कठीण. मी बरोबर जायचे ठरले. परंतु एखादी गोष्ट पारखून घेतल्याखेरीज दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये, असे माझे मत असल्यामुळे आधी मी स्वतः तो प्रवास करून पाहिला. त्यासाठी २७ नोव्हेंबर निवडला. तो रविवार होता. जायचा दिवसही रविवारच होता. रविवारच्या गाड्यांचे आणि बसगाड्यांचे वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा रविवारची परीक्षा रविवारीच घेतली पाहिजे. हा युक्तिवाद आजही मला निर्दोष वाटतो.

तो प्रवास मी घड्याळ हातात धरून केला आणि वहीच्या पानावर उतरवून काढला. होडी, वाशीचा धक्का : नऊ पस्तीस. मानखुर्दचा काठ : दहा पस्तीस. स्टेशनापर्यंत पायी पंचवीस मिनिटे. अकरा सातची गाडी. कुर्ल्याला उतरून पुलाने पश्चिमेस; पुलाच्या पायऱ्या चौतीस, डाव्या हाताला कठडा. विमानतळाकडे जाणारी बस अकरा बावन्नला. उतरण्याचा थांबा पाण्याच्या टाकीनंतरचा. विमानतळाच्या दारात बारा वाजून पंचवीस मिनिटे. भेटीला पुरते तीन तास उरत होते. हे पान मी शाईने स्वच्छ लिहून काढले आणि शनिवारी संध्याकाळी येसूबाईंना वाचून दाखवले.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. चौतीस पायऱ्या ऐकून त्या हसल्या. मग म्हणाल्या, “उद्या तिथ कोनती?”

“षष्ठी.”

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. “सहाचं पाऊन केलं की साडेचार. साडेचारला भरती. साडेनवाला धक्क्यापुढं निस्ता चिखल.”

मी म्हणालो की, मी स्वतः गेल्या रविवारी नऊ पस्तीसला त्याच धक्क्यावरून त्याच होडीत बसलो आहे, आणि पाणी धक्क्याच्या दुसऱ्या पायरीला लागले होते. मी डोळ्यांनी पाहिलेले खोटे म्हणायचे काय?

“खोटं कशाला? तवा चौदस होती, साडेधाची भरती.”

मी प्रतिवाद केला. पाणी रोज थोडेफार मागेपुढे होत असेल. पण आठवड्याने वार फिरून येतो, तशी ही गोष्टही फिरून येत असली पाहिजे, नाहीतर होडीचा धंदा चालेल कसा? शिवाय तुळशीरामने मला विचारल्यावर ‘पुढल्या ऐतवारी बी हाय होडी’ असे स्पष्ट सांगितले होते. ते त्याने सांगितले होते हे खरे. कोणत्या वेळी, हे मी विचारले नव्हते. कारण एकदा दिलेल्या वेळेला ‘पुन्हा तीच का?’ असे विचारण्याची मला सवय नव्हती.

येसूबाईंनी वाद वाढवला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “तुमचा कागद चांगला हाय, मास्तर. पन पान्याला वाचता येत नाय.”

मी घरी आलो तो आपण वाद जिंकला अशा समजुतीने.

पहाटे पाचला दारावर थाप पडली. येसूबाई उभ्या होत्या. नेसणीचे हिरवे लुगडे, डोक्यावर फडक्याने बांधलेली टोपली. “चला,” म्हणाल्या. मी उंबऱ्यात उभा राहून पुन्हा समजावू लागलो. साडेचार तास आधी जाऊन करायचे काय, हा माझा प्रश्न अगदीच गैर नव्हता. त्या ऐकत राहिल्या, आणि मला वाटते माझे तिसरे कारण चालू असताना वळून धक्क्याच्या वाटेला लागल्या. तेव्हा त्यांची चूक त्यांना जागेवर दाखवून द्यावी या हेतूने मी सदरा चढवून मागोमाग निघालो. कागद खिशात होता.

धक्क्यावर पोहोचून मी खाली पाहिले. गेल्या रविवारी ज्या पायरीला पाणी लागले होते तिच्याखाली चार पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, आणि त्यांच्याही खाली काळा चिखल चमकत होता. तुळशीरामची होडी धक्क्यापासून वीसेक हात दूर सरकली होती. तो तिच्यात उभा राहून वल्ह्याने तळ चाचपीत होता. पाणी उतरत होते; मी पाहत होतो तेवढ्यात एक खडक वर आला. ही होडी गेली की पुढची दुपारनंतर पाणी चढल्यावर, आणि रविवारी एस. टी. गावाकडे फिरकत नसे. म्हणजे माझ्या कागदाप्रमाणे वागलो असतो तर साडेतीन वाजता आम्ही दोघे याच पायरीवर बसलेलो असतो, आणि तिकडे रोहिदासने आईचा नकार गृहीत धरला असता. मी दोन माणसांचे आयुष्य शाईने चुकीचे लिहिले होते.

“ओ वयनी,” तुळशीराम ओरडला, “मास्तरचा तास संपला का नाय अजून? मी चाललो.”

येसूबाईंनी लुगडे खोचले आणि चिखलात उतरल्या. त्या चालत होत्या ते पाय सपाट टाकून, न रुतता. मी माझ्या पद्धतीने चाललो आणि मांडीपर्यंत गेलो. तुळशीरामने मला काखेत धरून होडीत ओढले. डाव्या पायातली चप्पल तिथेच राहिली. उजवी मी शिस्त म्हणून मानखुर्दपर्यंत पायात ठेवली.

मानखुर्दच्या पुढे मात्र कागदाचे राज्य सुरू झाले. गाडीत येसूबाई खिडकीशी बसल्या आणि प्रत्येक स्टेशन आले की माझ्याकडे पाहायच्या. मी मान हलवायचो, तेव्हा त्या पुन्हा बाहेर पाहायच्या. कुर्ल्याच्या पुलावर त्यांनी पायऱ्या मोजल्या. शेवटच्या पायरीवर थांबून म्हणाल्या, “चवतीस. बरोबर हाय.” माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत हे मी बरेच वर ठेवतो.

बसच्या दारात कंडक्टरने टोपलीला नाक लावले आणि हात आडवा धरला. सुके बोंबील होते, रोहिदाससाठी. ओली मासळी नेण्यास मनाई आहे हे मला मान्य होते. सुकी मासळी त्याच कलमात येते काय, आणि येत असल्यास ते कोठे लिहिले आहे, अशी पृच्छा मी केली. कंडक्टर म्हणाला, “गुरुजी, वास कुठं लिहून येतो का?” बस गेली. दुसऱ्या बसच्या कंडक्टरशी मी अधिक तपशिलाने बोललो. बोलणे रंगात आले असता मागे वळून पाहिले तर येसूबाई टोपली डोक्यावर घेऊन कलिन्याच्या रस्त्याने बऱ्याच पुढे गेल्या होत्या. मी अनवाणी धावत त्यांना गाठले.

“तुमी भांडा निवांत,” त्या म्हणाल्या. “मी चालती व्हते. येळ हाय आपल्याजवल. पान्यानं दिलाय.”

ते खरे होते. पाण्याने आम्हांला चार तास दिले होते, आणि त्यांतला एक आम्ही चालण्यात खर्च केला. विमानतळाच्या आवारात भिंतीच्या सावलीला आम्ही बसलो. येसूबाई विमाने उतरताना पाहत होत्या. पहिल्या दोन विमानांना त्यांनी पदर ओढून घेतला. नंतर त्या पक्ष्यांकडे पाहावे तशा पाहू लागल्या. बारा वाजले. कलकत्त्याचे विमान आले नाही. एक वाजला. मी चौकशीच्या खिडकीपाशी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा ‘उशीर आहे’ एवढेच उत्तर घेऊन आलो. छापील वेळ, सरकारी खिडकी, आणि तरीही! मी हे बोलून दाखवले.

“वारा फिरला असंल,” येसूबाई म्हणाल्या. त्यांना त्यात काही नवल वाटले नाही. पण टोपली त्यांनी मांडीवर ओढून घेतली.

विमान दोन वाजून चाळीस मिनिटांनी उतरले. कठड्यापलीकडून सहा खलाशी आले, आणि त्यांतला एक रांग सोडून धावला. त्याला वीस मिनिटे मिळाली. कंपनीचा माणूस घड्याळ धरून उभा होता.

त्या वीस मिनिटांत येसूबाई फार थोडे बोलल्या. त्यांनी त्याचा दंड दाबून पाहिला. तळवे उलटे करून पाहिले. तोंड उघडायला लावून दात पाहिले, तेव्हा बाकीचे पाच जण हसले आणि रोहिदास लाजला. जेवायला काय मिळते, झोप किती, वरचा माणूस शिव्या देतो का, इतके विचारून झाले. तो उत्तरे देत होता, पण त्याची नजर टोपलीवर होती. बोंबलांची पुरचुंडी निघाली. नंतर टोपलीत तळाशी एक फडके तेवढे दिसले. रोहिदासने मान खाली घातली आणि म्हणाला, “नाय दिलास तरी चालंल, आये. मी सामान उतरवून घेतो.”

येसूबाईंनी तळाचे फडके उचलले. त्याखाली नारळ होता.

मी भिंतीकडे तोंड करून माझा कागद वाचत बसलो, म्हणून पुढले मी पाहिलेले नाही.

परतीला टोपली रिकामी असल्याने बस मिळाली. सहाच्या सुमारास मानखुर्दला पोहोचलो तेव्हा पाणी काठाला टेकलेले होते आणि तुळशीराम वाट पाहत होता; हा हिशेबही येसूबाईंनी पेरांवर आदल्या दिवशीच केला होता. मी खिशातून कागद काढला, पहिली ओळ खोडली आणि तिथे लिहिले : होडी, तिथीप्रमाणे. बाकीचे पान तसेच ठेवले. ते बरोबर होते, हे माझे मत आजही कायम आहे.

होडी मधोमध आल्यावर तुळशीरामने वल्हे थांबवून विचारले, “काय वयनी, दिलास का नारल?”

“दिला,” येसूबाई म्हणाल्या. “अंगानं भरलाय पोर. आगबोट मानवली त्याला.”