मालकीणबाईंच्या बाजूचा पाटा

मी एक जुना कमानपाटा आहे. नाव ऐकून गोंधळू नका, मित्रांनो. एखाद्या जुन्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ जरा वाकून डोकावलंत, तर पोलादाच्या पट्ट्या एकीखाली एक रचलेल्या दिसतील. सगळ्यात लांब पट्टी वर, तिच्याखाली आखूड, तिच्याखाली आणखी आखूड, आणि सगळ्या मधोमध खाली झुकलेल्या, हसणाऱ्या ओठांसारख्या. तोच मी. चाक खड्ड्यात आदळलं की मी वाकतो, पुन्हा पहिल्यासारखा होतो, आणि वर बसलेल्या माणसाला वाटतं, काय सुरेख रस्ता आहे. कौतुक रस्त्याचं होतं. चालायचंच. पायीची वहाण पायीच बरी, असं मी मनाशी म्हणतो आणि कामाला लागतो.

माझा जन्म कारखान्यातला. भट्टीत लालबुंद झालो, साच्यात कमान घेतली आणि तेलात बुडताना असा काही चरचरलो की शेजारचे कामगार मागे सरले. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊ झाला. आम्हा दोघांना एका ठेंगण्या, शेवाळी रंगाच्या, दोनच माणसं बसतील अशा गाडीला मागून जोडलं. तिचं छत मागे दुमडता यायचं आणि धावायला लागली की तिच्यापुढे वाराही दमायचा. उजवीकडे चालक बसे, तो भार भावाकडे. डावीकडची बाजू माझी.

गाडी आमच्या मालकांकडे आली ती एका गिऱ्हाइकाकडून. मालक शिंपी, कोट-पॅंटचे. ते गिऱ्हाईक दरवर्षी रुंद होत गेलं. आधी कोट होईना, मग गाडी होईना. शेवटी त्याने कोट सैल करायला टाकला आणि गाडी मालकांना देऊन टाकली. त्या दिवसापासून डाव्या बाजूला मालकीणबाई बसू लागल्या, म्हणजे मी त्यांचा झालो.

त्या बसायच्या कशा सांगू? दार उघडायच्या, स्वतःला आत सोडून द्यायच्या आणि म्हणायच्या, "चला, कुठे जायचं ते वाटेत ठरवू." मालक सावकाश चालवणारे, बाई घाई करणाऱ्या. घाटात, पुलावर, तळ्याकाठच्या कच्च्या रस्त्यावर आम्ही फिरलो. मालक वळण घेताना जपून घ्यायचे आणि बाई हात बाहेर काढून वारा पकडायच्या. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग मालकांच्या डोक्यात आलं की गाडीला स्वतःची खोली पाहिजे. भिंती गवंड्याने बांधल्या. फरशी मात्र मी स्वतः घालणार, असं मालकांनी जाहीर केलं. फरश्या आणायला बाईंनी टेम्पो बोलवा म्हटलं, तर मालक म्हणाले, "टेम्पो कशाला? गाडी आहे की."

मित्रांनो, दोन माणसांच्या गाडीतून फरश्या. डिकीत फरश्या, सीटच्या मागे फरश्या, बाईंच्या सीटवर फरश्या. खेपांवर खेपा झाल्या. भाऊ कण्हत होता, मी दात खाऊन सोसत होतो. त्यात माझं हसू जे सपाट झालं ते कायमचं. गाड्यांच्या भाषेत याला पाटे बसणं म्हणतात. पाटे बसले की गाडीही मागून बसते.

फरशी मालकांनी खरंच एकट्याने घातली. दोरी नाही, पाणसळ नाही. "तीस वर्षं डोळ्यांनी मापं घेतोय, माझे डोळे हीच लेव्हल," असं म्हणायचे. येईल त्या पाहुण्याला चहाआधी ती फरशी दाखवायचे. पाहुणे छान म्हणायचे, कारण चहा यायचा बाकी असे.

वर्षं गेली. गाडी मागून आणखी खाली आली, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मग मालकीणबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं की गुडघ्यापेक्षा खाली असलेल्या बैठकीवर बसायचं नाही. बाई काठी टेकत गाडीशी आल्या, दार उघडून सीटकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, "ही तर विहीर आहे. उतरेन, पण काढायला दोर लागेल." हसल्या खऱ्या, पण दार लावताना त्यांचा हात दारावर बराच वेळ राहिला.

मालक एकदा एकटेच फेरी मारायला निघाले. माझ्या बाजूला कुणी नव्हतं. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेले आणि परत आले. "एकट्याने काय फिरायचं," म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, गाडी पाहिजे असेल तर महिनाअखेरीस येऊन घेऊन जा. बाई म्हणाल्या, "माझ्यापायी नका विकू." मालक म्हणाले, "तुझ्यापायीच ठेवली होती."

तेव्हा मालकांची भाची पुढे झाली. बहिणीची मुलगी, स्वतःचं गॅरेज चालवते, बोलायला फटकळ. गाडीखाली आडवी झाली, मला बोटाने टोचलं आणि तिथूनच ओरडली, "मामा, पाटे पार बसलेत. परत कमान दिली तर मागची बाजू चार बोटं वर येईल. उरलेली उंची गादीने भरून काढू."

"सगळी गादीनेच भरून काढली तर?" मालकांनी विचारलं. शिंपीच ते, त्यांना गादी सोपी.

"तर मामी काचेच्या वरून बघेल आणि रस्ताभर माश्या खाईल."

"मग पाटेच वर करा," बाई म्हणाल्या.

अशी आम्हा दोघांची रवानगी पाटेवाल्याकडे झाली. तिथे सगळे ट्रकचे पाटे. पैलवानांच्या तालमीत आम्ही दोन पोरं उभी केल्यासारखे दिसत होतो. पाटेवाल्याने आमच्या पट्ट्या सुट्या केल्या, गंज खरवडला आणि एकेक पट्टी ऐरणीवर धरून घणाने पुन्हा वाकवली. दुखलं का? दुखलं. पण जुनं हसू परत येत होतं, तेव्हा दुखण्याकडे लक्ष कोण देतो? पट्ट्यांना वंगण लावून त्याने आम्हाला बांधलं आणि भाचीला म्हणाला, "म्हातारे आहेत, पण जीव आहे अजून."

घरी आल्यावर भाचीने आम्हाला गाडीला जोडलं. बोल्ट मात्र सैलच ठेवले. म्हणाली, गाडी चाकांवर उभी राहून, माणसं बसून, पाटे आपल्या जागी आले की मगच शेवटचं आवळायचं. आधी आवळलं तर टोकांची रबरं पिळवटतात आणि गाडीची उंची चुकते. मग तिने जॅक काढला, गाडी दोनदा दाबून हलवली आणि मागे जाऊन उभी राहिली.

गाडी वर आली होती. पण सरळ नव्हती. समोरच्या भिंतीवरच्या फळीशी ताडून पाहिलं तर डावी बाजू चांगली दोन बोटं खाली. डावी, म्हणजे माझी.

मालकांनी गळ्यातली टेप काढली आणि गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं दोन्हीकडे चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत माप घेतलं. "टेप तर दोन्हीकडे सारखंच सांगतेय," ते पुटपुटले. मग टेपकडेच संशयाने पाहिलं. "जुनी आहे, ताणली असेल. डोळ्यांना सरळ दिसतंय की डावी खाली आहे."

भाचीने माझ्यावर हात ठेवला. "डावा पाटा कमान धरत नाहीये, मामा. याला भंगारात टाकू. उजवाही काढावा लागेल, पाटे जोडीनेच बदलतात. पण या मापाचे आता मिळत नाहीत. व्हॅनचे बसवता येतील, फार कडक असतात ते. प्रत्येक खड्डा मामीच्या खुब्यात जाईल."

"मग नकोच," मालक म्हणाले. "गिऱ्हाइकाला फोन करतो."

मला काय वाटलं ते कसं सांगू? मी तर पूर्ण जोर लावून उभा होतो. भावाइतकाच होतो, शपथेवर सांगतो. पण पाट्याला तोंड कुठे असतं? माझ्यामुळे भाऊ जाणार, गाडी जाणार, बाईंचं फिरणं जाणार. भट्टीतसुद्धा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

मालकीणबाई उंच खुर्चीवर बसून नव्या गादीच्या अभ्र्याला टाके घालत होत्या. सकाळपासून त्यांच्या मांडीवरचं रीळ खाली पडत होतं आणि दर वेळी गाडीखालून घरंगळत त्याच कोपऱ्यात, डावीकडच्या भिंतीशी जात होतं. भाची दर वेळी गाडीखाली शिरून ते आणायची आणि दर वेळी डोकं आपटायची. आता ते पुन्हा पडलं. पुन्हा तिथेच गेलं.

बाई टाका घालायच्या थांबल्या. "अहो, पाटा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "अंगण वाकडं आहे."

भाची खो खो हसली. "मामी, नाचता येईना अंगण वाकडं? पाट्याची वकिली करतेस का तू?"

मालकांना मात्र हसू आलं नाही. "ही फरशी मी घातलीय," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. आणि पुसली कुणी इतकी वर्षं? बादली कुठेही ओता, पाणी त्याच कोपऱ्यात जमतं. मी काही बोलले नाही, कारण तुम्ही पाहुण्यांना दाखवत होता." मग भाचीकडे वळून म्हणाल्या, "गाडी बाहेर काढ, फिरव आणि उलट्या तोंडाने आत घाल. पाटा वाकडा असेल तर डावीच बाजू खाली राहील."

भाचीने खांदे उडवले, पण गाडी फिरवली. मागची बाजू आत, तोंड दाराकडे. मग फळीखाली जाऊन वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मामा," ती म्हणाली, "आता उजवी खाली आहे."

माझा भाऊ दचकला. मी म्हटलं, बघ, कसं वाटतं ते. खरं तर मला नाचावंसं वाटत होतं, पण सैल बोल्टांवर ते शोभलं नसतं.

मालकांनी मगभर पाणी आणून फरशीवर ओतलं. पाणी निमूटपणे कोपऱ्याकडे गेलं. मालक त्याच्याकडे बघत राहिले, मग गळ्यातली टेप हातात घेऊन म्हणाले, "तू बिचारी खरं बोलत होतीस." आणि वाकून मला एक थाप दिली. इतक्या वर्षांत पहिली.

गाडी अंगणाबाहेरच्या सपाट रस्त्यावर नेली. तिथे ती सरळ उभी राहिली, सुताइतकाही फरक नाही. आता सीटवर वजन ठेवून शेवटचं आवळायचं होतं. मालक दुकानातून कापडाचे तागे आणायला निघाले.

"तागे कशाला?" बाई म्हणाल्या. "वजन हवंय ना? मी आहे."

बाईंनी काठी भाचीकडे दिली, गाडीकडे पाठ केली, नव्या गादीवर हळूच टेकल्या आणि मग एकेक पाय उचलून आत घेतला. मालक दुसऱ्या बाजूला बसले. तो ओळखीचा भार माझ्यावर आला आणि मी वाकलो, हवा तेवढाच. भाची गाडीखाली आडवी होऊन बोल्ट आवळू लागली. प्रत्येक पिळाबरोबर मी माझी जागा घट्ट धरत गेलो.

पण मित्रांनो, बसणं सोपं असतं. खरी परीक्षा उठण्याची. भाची बाहेर आली आणि म्हणाली, "मामी, आता उतरून दाखव. एकटीने."

बाईंनी पाय बाहेर टेकवले. दाराच्या कडेला हात लावला. त्यांचा भार पायांवर जाऊ लागला तसा मी वर येऊ लागलो. माझ्यात होता नव्हता तेवढा सगळा जोर लावून त्यांना खालून हात दिला. आणि बाई उठल्या. दोर लागला नाही, कुणाचा हात लागला नाही.

मालकांनी चष्मा काढून पुसला. "गिऱ्हाइकाला फोन करतो," ते म्हणाले, "नाही म्हणून सांगतो."

"फोन फिरून आल्यावर करा," म्हणत बाई पुन्हा आत बसल्या. "चला, कुठे जायचं ते वाटेत ठरवू."

आता मी अधूनमधून कुरकुरतो, तेव्हा भाची येऊन पट्ट्यांना वंगण लावते. ती फरशी अजून तशीच आहे. पाहुणे आले की मालक तिच्यावर रीळ सोडून दाखवतात आणि सगळ्यांच्या आधी स्वतः हसतात. परवा मात्र म्हणत होते की ती उखडून नवी घालावी. बाईंनी विचारलं, नव्या फरश्या आणणार कशातून? मालकांची नजर गाडीकडे गेली, आणि मी मुद्दाम जोरात कुरकुरलो.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे, मित्रांनो. घरातलं एखादं जुनं माणूस किंवा जुनी वस्तू तिरकी दिसली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ती कुठे उभी आहे तेवढं बघा. तिला वेळच्या वेळी वंगण घाला, प्रेमाने एखादी थाप द्या. आणि फरश्या आणायच्या असतील तर कृपा करून टेम्पो बोलवा.