नाताळपर्यंतची हमी

"घे! तुझी हमी परत आणलीय!"

क्लोटिलबाईंनी हातगाडी अंगणात अशी आदळली, की वरचा फ्रीझर उडून पुन्हा जागेवर बसला आणि मेलियसच्या हातातला कोकोचा चहा थेट शर्टावर.

"अगं हळू! फ्रीझर आहे तो, बोकड नाही!"

"बोकड परवडला. मेला तर खाता तरी येतो. हा तिसऱ्यांदा मेलाय! बर्फाच्या कांड्या काय आता कढईत गोठवू?"

मेलियसने कपाळावर हात मारला. सकाळपासून हा दुसरा फ्रीझर, आणि अजून न्याहारी व्हायची होती!

प्रालें गावच्या खाडीवर उभं आयुष्य त्याने फ्रीज दुरुस्त केले होते. काम झालं की पाना पुसत तो एकच वाक्य म्हणायचा, "नाताळपर्यंत बघायला नको." नाताळाआधी बिघडला तर दुरुस्ती फुकट. सेंट लुशिया बेटावर नाताळाला हॅम आणि सॉरेलचं लाल सरबत थंडगार नसेल, तर शेजाऱ्याला तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून मुदत नाताळाची. वर्षानुवर्षं कुणी परत आलं नव्हतं. आणि आता? रांग!

कारण ते तपकिरी समुद्री गवत. समुद्र तापलाय म्हणून ते माजतं म्हणे. ढिगांनी किनाऱ्याला लागतं, तिथेच सडतं, आणि सडक्या अंड्यांचा तो वास आगंतुक पाहुण्यासारखा घरात शिरतो तो जायचं नावच घेत नाही. चमचे काळे, देवघरातल्या मेरीचा चांदीचा मुकुट काळा. मध्यंतरी शहरातली मंडळी 'शाश्वत किनारा' अशी सभा भरवून गेली. त्यांच्या सरबताचा बर्फ शहरातूनच आणावा लागला, कारण गावातले फ्रीझर बंद!

मेलियसने मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. नवी घातलेली तांब्याची नळी काजळीसारखी काळी.

"बघ. त्या वासातला वायू तांबं खातो."

"जगातलं सगळं तांबं सोडून तुझ्याच जोडावर टपलाय का तो?" मग क्लोटिलबाईंनी आवाज जरा उतरवला. "शेजारची डेलिसिया म्हणत होती, मेलियसचे हात कापतात आता. जोड नीट बसत नाहीत."

मेलियसने शर्टावरचा डाग चोळला. चहा सांडला तो धक्क्याने की हातामुळे, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. हात गेले, तर मेलियस म्हणून उरलं काय?

दारातून त्याची बायको युरालिया ओरडली, "सांगा ना त्यांना, वर टांगून ठेवलंय ते! की मी सांगू?"

सांगावंच लागलं. ईस्टर झाल्यावर त्याने एकाच नळीचे दोन तुकडे घेऊन, एकाच बैठकीत दोन जोड केले होते. एक इथे ओसरीत टांगला, तो कधीच काळाठिक्कर झाला होता. दुसरा डोंगरावर, वास पोचत नाही तिथे, बहिणीकडे, फिलोमेनकडे. तो बघायला जायची मात्र त्याची छाती होत नव्हती. तोही काळा निघाला, फुटका निघाला, तर?

"चल," क्लोटिलबाई म्हणाल्या. "मीही येते. तू मला फसवायचा नाहीस, पण स्वतःला फसवशील."

चढणभर क्लोटिलबाई गवताला, सरकारला, गुडघ्यांना आणि मेलियसला आळीपाळीने शिव्या घालत होत्या.

फिलोमेनने स्वयंपाकघराच्या खिडकीतून नळी काढून दिली. "घे बाबा. कोंबड्यासुद्धा तिच्यात तोंड बघतात."

नळी लखलखत होती! मेलियसने जोडावरून अंगठा फिरवला. गुळगुळीत. एक टोक दाबून फुंकलं, गाल फुगले, डोळे बाहेर आले, पण हवेचा कणही सुटला नाही.

"हात शाबूत आहेत!" तो ओरडला आणि अंगणात चक्क नाचला. क्लोटिलबाईंनीही टाळ्या पिटल्या. मग टाळी हवेतच थांबली.

"म्हणजे दोष तुझा नाही."

"नाही!"

"तुझा असता तर बरं झालं असतं रे. कॅस्ट्रीज शहरातून दुसरा कारागीर आणला असता."

मेलियसचे पाय जागीच थबकले.

"नळी घेऊन जा ना," फिलोमेन म्हणाली.

"नको. इथेच राहू दे."

उतारावर, शेवटच्या वळणाला वास भेटला. क्लोटिलबाईंनी शाल नाकाशी धरली.

संध्याकाळपर्यंत मेलियसने नवा जोड केला, गार करणारा वायू भरला आणि तांब्याला तो वास लागू नये म्हणून युरालियाची लाल नखपॉलिश जोडावर दोनदा फासली. "माझी लग्नातली बाटली ती!" युरालिया करवादली. फ्रीझर गुरगुरायला लागला. क्लोटिलबाईंनी आत हात घातला, गार लागलं, तरी त्या हलेनात.

"बोल की."

"काय?"

"नेहमीचं."

मेलियस पाना पुसत राहिला. पाना कधीच स्वच्छ झाला होता.

"चालतोय," तो म्हणाला. "आज चालतोय."

क्लोटिलबाईंच्या ओठांवर टोमणा आला होता, तो त्यांनी गिळला. "बरं. आजचा बर्फ आज विकते."

त्यांनी फ्रीझर गाडीवर चढवला, अंगावरची शाल काढून त्याच्या पाठीला, नळीवर, घट्ट गुंडाळली आणि गाडी वळवली. खाचखळगे चुकवत, झोपलेलं मूल न्यावं तशी, अगदी हळू.