मामांची फाइल

आमच्या रेडिओ केंद्राला चाळीस वर्षं पूर्ण झाली त्या सकाळी आम्ही आमच्या सगळ्यात जुन्या निवेदकाला मारून टाकलं. मुद्दाम नाही. पण बातमी आमचीच, आवाज आमचाच, आणि ऐकायला अख्खं गाव. त्यामुळे मुद्दाम की चुकून, हा वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मी सकाळच्या कार्यक्रमांची निर्माती. आधी बातम्या, मग हवामान, बाजारभाव, हरवलं-सापडलं आणि त्यानंतर ‘बोला’. म्हणजे लोकांनी फोन करायचा आणि मनातलं ओकायचं. रस्त्यातल्या खड्ड्यापासून सुनेच्या आळसापर्यंत काहीही चालतं. हा ‘बोला’ सुरू केला मामांनी. ते आमच्यापैकी कोणाचेच सख्खे मामा नाहीत, तरी सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. चपलांच्या दुकानावरच्या एका खोलीत केंद्र सुरू झालं तेव्हा बातम्या लिहायचे तेच, वाचायचे तेच आणि केरही तेच काढायचे. पूर आला तेव्हा ते माइकसमोरून उठलेच नाहीत. ‘घाबरू नका, मी आहे,’ असं तेव्हा म्हणाले होते, ते लोकांनी असं काही धरून ठेवलं की पुढे ‘बोला’ची सुरुवातच त्या वाक्याने व्हायला लागली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज फोन करून आमच्या चुका काढल्याशिवाय त्यांना चहा जात नाही.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, बाहेरच्यांना ती अघोरी वाटते. गावातल्या मोठ्या माणसाने सत्तरी ओलांडली की त्याची श्रद्धांजली आम्ही आधीच तयार करून ठेवतो. ऐन वेळी धावपळ नको. मामांचीही केली होती. त्यांनी ती ऐकलीही होती, आणि ‘मधला भाग लांबलाय, काप,’ एवढंच म्हणाले होते.

चाळिसाव्या वाढदिवसाला मला केंद्राचा इतिहास लावायचा होता. मामांशिवाय कसला इतिहास? मग मी त्या श्रद्धांजलीचाच शेवट कापला, पुढे नवीन मजकूर जोडला आणि मोकळी झाले. दोन्ही फाइलींची सुरुवात सारखी, पुराच्या वेळचा आवाज तोच. एकीचं नाव ‘मामा’, दुसरीचं ‘मामा नवी’. बातम्या संपत आल्या तशी मी काचेपलीकडच्या तंत्रज्ञाला म्हटलं, “मामांची फाइल लाव.” त्याने लावली. त्या बिचाऱ्याची काय चूक?

मी चहा घेत ऐकत बसले होते. छान झालंय, असं स्वतःचंच कौतुकही चालू होतं. तेवढ्यात माझाच रेकॉर्ड केलेला आवाज जड होत म्हणाला, ‘आपल्या सगळ्यांचे लाडके मामा आज आपल्याला सोडून गेले.’

माझ्या हातून कप पडला. तंत्रज्ञ आ वासून माझ्याकडे बघत होता. आमची निवेदिका, एरवी ट्रॅफिकसारखी अखंड वाहणारी मुलगी, तिची तर बोबडीच वळली. क्षणभर मलाही वाटलं, गेले की काय खरंच? स्वतःच लिहिलेलं खोटं स्वतःलाच खरं वाटावं, इतकी मी हबकले होते.

फोन वाजला. मामा.

“अगं, मी मेलो म्हणे!” ते हसत होते. “शेवट फार घाईत उरकलास.”

“मामा, चूक झाली हो, मी आत्ता खुलासा...”

“ते कर गं. मी काय, बसलोय इथे धडधाकट.” आणि एकदम त्यांचं हसू थांबलं. “अरे देवा. ही बाहेर गेलीये. शिंप्याकडे. त्याच्याकडे दिवसभर तुमचंच केंद्र लावलेलं असतं. हिचा मोबाइल इथे माझ्यासमोर पडलाय.”

गावाची समजूत नंतर काढता आली असती. मामी एकट्या, परक्या दुकानात, नवऱ्याच्या मरणाची बातमी रेडिओवर ऐकत होत्या, आणि ती बातमी मी दिली होती.

निवेदिकेने खुलासा वाचला. मामा सुखरूप आहेत, झाल्या चुकीबद्दल क्षमस्व. मग मी मामांचा फोन थेट प्रसारणाला जोडला. पुरात ज्यांनी गाव सावरलं, ते बायकोला सावरणार नाहीत?

“घाबरू नका,” मामा म्हणाले. “मी आहे.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या लाइनवर लगेच एक बाई हमसून हमसून रडायला लागल्या. “तो जुना आवाज नका हो लावू. ऐकवत नाही.”

मग शिंप्याचा फोन आला. तो दबक्या आवाजात बोलत होता.

“मामी इथेच आहेत. बातमी ऐकली तशा खालीच बसल्या. तुमचा खुलासा ऐकवला मी त्यांना. म्हणतात, मला माहितीये, माणूस घरी पोचेपर्यंत सगळे असंच सांगतात. माझ्या वडलांच्या वेळीही सांगितलं होतं.”

“अहो, पण आत्ता मामा स्वतः बोलले ना!”

“ते ऐकून तर म्हणाल्या, हा पुराच्या वेळचा आवाज आहे. मी फोन द्यायला गेलो तर हात झटकला. नुसत्या रेडिओकडे बघतायत हो. मला भीती वाटतेय.”

मलाही वाटली. इतकी वर्षं मामांचा आवाज आम्ही कापला, जोडला, हवा तिथे लावला. आता तो माणूस जिवंतपणी बोलत होता आणि त्याच्या बायकोलाच ते खरं वाटत नव्हतं. हे पाप कोणाचं, ते सांगायला नको.

मी मामांना थोडक्यात सगळं सांगितलं. म्हटलं, “आजचं काहीतरी बोला. कुठल्याही टेपमध्ये नसेल असं. घरातलं.”

“घरातलं? माइकवर?” मामा म्हणाले. रेडिओवर घरचं काढायचं नाही, हा त्यांचा कडक नियम होता. आपलं लग्न झालंय, हेसुद्धा ते माइकवर कधी बोलले नव्हते. घर घरात, काम कामात. आम्हालाही त्यांनी तेच शिकवलं होतं.

“मामा, त्या जमिनीवर बसल्यायत.”

“जोड,” ते म्हणाले.

मी जोडलं. आधी नुसता श्वास आला. मग आवाज आला, पण तो नेहमीचा खर्जातला, कमावलेला नव्हता. एका म्हाताऱ्या माणसाचा घाबरलेला आवाज होता.

“अगं, ऐक. सकाळी तू अंघोळीला गेलीस ना, तेव्हा दूध मी करपवलं. तू सांगून गेली होतीस, लक्ष ठेवा. मी रेडिओ ऐकत बसलो. पातेलं काही निघेना, म्हणून जिन्याखाली लपवलंय, जुन्या पोत्यामागे. तुला म्हटलं, शेजारीण घेऊन गेली. तू तिच्यावर चिडलीस, येताना मागते म्हणालीस. तर तिच्याकडे जाऊ नकोस. तिने काही नेलेलं नाही. मी खोटं बोललो. आणि तुला जाताना नीट ‘ये’सुद्धा म्हटलं नाही, पेपरात डोकं खुपसून बसलो. तू ये. रिक्षाने ये, चालत नको. मी दारातच उभा राहतो.”

काचेपलीकडे तंत्रज्ञाने डोळे पुसले. मी शिंप्याची लाइनही प्रसारणात उघडली आणि कान देऊन राहिले. मागे कोणा कारागिराची शिलाई मशीन चालू होती, ती थांबली. काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग कोणीतरी फोन हातात घेतला.

“अहो,” मामी म्हणाल्या.

“बोल,” मामा म्हणाले. “बोल ना.”

त्या बराच वेळ रडत होत्या. आपण प्रसारणात आहोत हे शिंपी त्यांना हळूच सांगत होता. त्यांनी त्याला गप्प केलं.

“असू दे. ऐकू दे सगळ्यांना. इतकी वर्षं साऱ्या जगाला ‘बोला’ म्हणालात, आणि घरी आलात की तोंडाला कुलूप. मी मेली विचार करत होते इथे, की शेवटचं काय बोलले हे माझ्याशी? आठवेचना. कारण बोललाच नव्हतात.” त्यांना धाप लागली. “माझ्याशी बोलायला मरावं लागलं होय तुम्हाला?”

मामांकडून काहीच आलं नाही. रेडिओवर असं रिकामं जाणं म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. तंत्रज्ञाचा हात आपोआप संगीताच्या बटणाकडे गेला. मी तो धरून ठेवला.