तीन फ्तू झेललेला मास्क

नाक मुरडलंत ना मला बघून? मुरडा, खुशाल मुरडा. नाकांचा राग मी कधी धरला नाही, उभा जन्म त्यांच्याच सेवेत गेलाय. मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. निळ्या-पांढऱ्या रेघांचा, तीन पदरी, कानाच्या नाड्या सैल पडलेला. सध्या माझा मुक्काम ग्रीसमधल्या वोलोस गावात, मारिगो म्हातारीच्या शिवणाच्या डब्यात असतो. एका बाजूला सुट्या बटणांची पुडी आणि दुसऱ्या बाजूला बोटात घालायचं एक चेपलेलं अंगुस्तान, असे माझे शेजारी.

त्याआधी मी शर्ट होतो. मारिगोच्या नवऱ्याचा, स्तामातिसचा, ईस्टरला घालायचा खास शर्ट. स्तामातिस गेला आणि शर्ट कपाटात लटकत राहिला. मग ती साथ आली. दुकानात मास्क मिळेनात. मारिगोने पन्नास वर्षं गावातल्या नवऱ्यामुलींचे पोशाख शिवले होते, तिला मास्क म्हणजे काय जड? पण तिने तीनदा कात्री उचलली आणि तीनदा खाली ठेवली. चौथ्यांदा शर्टावर हात फिरवून म्हणाली, "माफ कर रे स्तामातिस. तसाही गर्दीत तू मला एकटं कधी सोडलं नाहीस." आणि कापला.

नाकावर घट्ट बसावा म्हणून तिने कॉफीच्या पुड्याचं तोंड बांधायची तार माझ्यात घातली. मधे खिसा ठेवला, त्यात रोज नवी गाळणपट्टी. आणि डाव्या कोपऱ्यात एक निळा काचेचा मणी शिवला, डोळा काढलेला. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे असा मणी तान्ह्या पोराच्या झबल्यालाही असतो आणि मच्छीमाराच्या होडीलाही. मग माझ्या नशिबी का नसावा?

सुरुवातीची दोन वर्षं माझा काय रुबाब होता म्हणून सांगू! बेकरीत, औषधाच्या दुकानात, चर्चमध्ये, सगळीकडे मी पुढे आणि मारिगो मागे. पाद्रीबाबांनीसुद्धा विचारलं, "कुठून घेतलास गं एवढा देखणा?" रोज गरम पाण्याची अंघोळ, रोज इस्त्री. मग हळूहळू लोकांची तोंडं उघडी पडली आणि माझी सद्दी संपली. मी दाराच्या खिळ्यावर लटकू लागलो. एकदा तर तिने माझ्यात लसणीचे कांदे बांधून ठेवले. मास्कच्या अंगाला लसणीचा वास! कुणाला सांगणार?

त्या खिळ्यावरून मला उतरवलं ते मिर्तोच्या बाळाने. मिर्तो म्हणजे मारिगोची नात, तिकडे क्रीट बेटावर, हिराक्लिओला राहते. तिला मुलगी झाली, पण दोन महिने आधी. एवढुसा जीव, दोन आठवडे यंत्राने श्वास घेतला. बारसं होईपर्यंत आमच्याकडे नाव ठेवत नाहीत, म्हणून सगळे तिला नुसतं 'बेबा' म्हणत. बेबा घरी आली, चाळीस दिवस पुरे झाले, आता पणजीने बघायला जायला हरकत नव्हती. पण मारिगोने जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता आणि बोटीने एकटी जायला ती कचरत होती. तेवढ्यात तिची धाकटी बहीण पोपी एक मोठी बातमी घेऊन आली. पोपीच्या पंचाहत्तरीला तिच्या मुलांनी दोघी बहिणींना बेटांची जलसफर भेट दिली होती. सात दिवसांची, पांढऱ्याशुभ्र मोठ्या जहाजातून. आणि पाचव्या दिवशी जहाज हिराक्लिओला थांबणार होतं!

मिर्तोने आजीला, म्हणजे आमच्याकडच्या 'याया'ला, फोनवर बजावलं, "याया, ये. तुझ्या मांडीवरच द्यायचीय मला तिला. पण डॉक्टर म्हणालेत, तिच्या फुप्फुसांना साधी सर्दीसुद्धा नको. जहाजावर मास्क काढायचा नाही. आणि उतरायच्या दिवशी सकाळी चाचणी करायची."

"नातीने आजीला शिकवावं असे दिवस आले," मारिगो म्हणाली. पण फोन ठेवल्याठेवल्या तिने मला खिळ्यावरून काढलं, दोनदा धुतलं आणि नव्या नाड्या लावल्या.

जहाजावर तीन-साडेतीन हजार माणसं आणि मास्क मोजून दहा-बारा. जेवणाच्या दालनात मारिगो कोपऱ्यातलं टेबल धरायची, खिडकीजवळचं. घासापुरता मला खाली करायची की लगेच वर. पोपीला तिची फार गंमत वाटे. पोपीला वसंतात कोविड होऊन गेला होता, त्यामुळे ती स्वतःला पोलादाची समजायची.

"अगं, लुटारू बाई आली असं वाटतंय लोकांना," पोपी म्हणायची. "त्या वेटरने मघाशी चांदीचे चमचे मोजले."

"मोजू दे. मला पाचव्या दिवशी बाळ घ्यायचंय."

मला असा अभिमान वाटायचा, मित्रांनो! पुन्हा कामाचा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कप्तानाची मेजवानी होती. लारिसाहून आलेली झेनिया नावाची एक नवी नवरी लग्नाचाच पोशाख घालून फोटोंसाठी मिरवत होती. जिन्यावर तिच्या टाचेत घेर अडकला आणि टर्रकन फाटला. पोर रडायलाच लागली. मारिगोच्या पर्समध्ये सुईदोरा नाही असं कधी झालंय का? तिने तिला बाजूच्या बाकावर बसवलं, स्वतः गुडघ्यांवर बसली आणि असा टाका घातला की फाटलं होतं कुठे ते नवरीलाही सापडेना. झेनिया मधूनमधून खोकत होती. "एसीचा गारठा," ती म्हणाली. मी ते ऐकलं, नाकावर घट्ट बसलो.

झेनिया उभी राहिली, आरशासमोर गिरकी घेतली. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, किती गोड, किती गोड! आता आमच्याकडे असं कौतुक केलं की लगेच तीनदा 'फ्तू' करावं लागतं, नाहीतर दृष्ट लागते. थुंकी खरी उडत नाही, म्हणतात. मारिगोनेही केलं, माझ्यातूनच. फ्तू, फ्तू, फ्तू.

आणि पोपी खो-खो हसली. "अगं, फडक्यातून फ्तू लागतं का कुठे? नवी नवरी आहे बिचारी. नीट कर की!"

"करा ना याया," झेनिया म्हणाली आणि गाल पुढे केला.

मारिगोने मला हनुवटीवर ओढलं. एका क्षणाचं काम. फ्तू, फ्तू, फ्तू. मग झेनियाने तिला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि तिच्या खांद्यावर मनापासून खोकली. मी तिथेच होतो, दोन बोटं खाली, हनुवटीवर, अगदी निरुपयोगी. त्याची लाज मला अजून आहे.

चौथ्या दिवशी झेनियाच्या खोलीचं दार बंद होतं, बाहेर जेवणाचा ट्रे. मारिगो तो ट्रे बघत बराच वेळ उभी राहिली. त्या संध्याकाळी तिच्या घशात खवखव सुरू झाली. तिने पोपीला सांगितलं नाही. मला मात्र कळलं, तिचा श्वास माझ्यातूनच जात होता आणि तो नेहमीपेक्षा गरम होता.

पाचव्या दिवशी सकाळी सज्ज्याच्या काचेतून हिराक्लिओचा जुना किल्ला दिसू लागला. मारिगोने नाकात काडी फिरवली, पट्टीवर थेंब टाकले. पंधरा मिनिटं दोघी बहिणी पट्टीकडे बघत बसल्या. दोन रेघा आल्या.

"कुणाला कळणार आहे?" पोपी शेवटी म्हणाली. "ताप नाहीये तुला फार. मास्क आहे ना तोंडावर? तासभर बाळाला मांडीवर घे आणि ये. एवढ्या लांब आलीस, ऐंशी पूर्ण झालीत, परत कधी येणार तू?"

खरं सांगू? मलाही वाटलं, जाऊ या. मी सांभाळेन. मी घट्ट बसेन. पण मी शर्ट आहे हो, भिंत नाही. आणि मारिगोला ते माझ्याआधी ठाऊक होतं.

"त्या दिवशीची चूक नकळत झाली," ती म्हणाली. "ही कळून करू? त्या एवढ्याशा छातीवर?" तिने पट्टी उचलली आणि जहाजाच्या नर्सला फोन लावला. मग मिर्तोला.

मिर्तो भडकली. "एवढं एकच सांगितलं होतं ना तुला! एकच! कशाला काढलास तो?"

"पोर फार गोड दिसत होती गं," मारिगो म्हणाली. याहून खरं तिच्याकडे काही नव्हतं. पलीकडे मिर्तो रडत होती की बाळ, ते मला फोनवरून उमगलं नाही. फोन बंद झाला.

नर्सने येऊन दोघींना खोलीतच राहायला सांगितलं. सज्ज्यात बसलात तरी मास्क हवा, पलीकडच्या सज्ज्यात लहान मुलं आहेत, असंही बजावलं. पोपी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. मारिगोने बाळासाठी विणलेली पिवळी टोपी पिशवीतून काढली, बघितली आणि परत ठेवली.

अकरा वाजता फोन वाजला. "याया, सज्ज्यात ये. डाव्या बाजूला बघ, जाळीकडे."

खाली धक्क्यावर, बरंच दूर, तारेची जाळी होती. जाळीपलीकडे मिर्तो उभी होती आणि तिच्या हातात पांढऱ्या शालीचं एक गाठोडं. तिने ते दोन्ही हातांनी वर धरलं.

"दिसतेय का?"

"दिसतेय गं. नाक स्तामातिसचं आलंय."

"इतक्या लांबून नाक दिसलं तुला?"

"पन्नास वर्षं सुईत दोरा ओवलाय मी. मला दिसतं." काय दिसत होतं तिला! डोळे भरून वाहत होते, माझी वरची कड चिंब झाली होती. "किती गोड आहे गं. किती गोड आहे माझी बाय..."

आणि ती थांबली. कौतुक केलं होतं. आता फ्तू करायला हवं होतं. तिचा हात वर आला, बोटं माझ्या कडेला लागली. एवढ्या अंतरावरून बाळाला काही झालं नसतं, हे तिलाही कळत होतं. पण शेजारच्या सज्ज्यातून पोरांचा खिदळण्याचा आवाज येत होता. आणि तोच हात होता तो, त्या दिवशी मला खाली ओढणारा. तिने बोटं सोडली. मागे उभ्या असलेल्या पोपीकडे वळून तिने विचारलं, अगदी लहान मुलीसारखं, "पोपी, फडक्यातून लागतं का गं?"

पोपीच्याही डोळ्यांना धार लागली. मग तिने नाक पुसलं. "लागतं. न लागायला काय झालं? कर तू."

मारिगोने कठडा धरला. फ्तू, फ्तू, फ्तू. तीनही माझ्यावर आले. उबदार, ओले, आजाराने भरलेले आणि मायेने भरलेले. मी एक थेंबही पलीकडे जाऊ दिला नाही.

फोनमधून मिर्तोचा आवाज आला, "पोचलं, याया."

म्हातारी नऊ दिवस तापली, मग बरी झाली. नाताळात ती साध्या बोटीने क्रीटला गेली, तीनदा चाचणी करून. बेबाला मांडीवर घेतलं तेव्हा मी पर्समध्ये होतो, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. तिथेच तिने माझ्या कोपऱ्यातला निळा मणी उसवला आणि बाळाच्या पिवळ्या टोपीला शिवला. माझ्या अंगावर आता त्या टाक्यांची दोन बारीक भोकं तेवढी राहिलीत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्या तरी खिळ्यावर माझा एखादा भाऊ लटकत असेल. त्याला धुवा, वाळवा, हाताशी ठेवा. गर्दीत निघालात, खोकला असला, घरी म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असलं तर त्याला बरोबर न्या. आणि कुणी फार आवडलं, फार गोड दिसलं, जवळ जावंसं वाटलं, की त्या क्षणी त्याला हनुवटीवर ओढू नका. कुणी हसून विचारलंच, फडक्यातून लागतं का, तर पोपीचं उत्तर सांगा. तिने ते रडत रडत दिलं होतं, आणि ते खरं होतं.