महादूच्या नावाची शेड

लोक म्हणतात, पार्वती तोंडाची फाटकी हाय. असेन. पण जिथं तोंड उघडायचं तिथंच मी ते मिटून बसले, त्याचं काय झालं ते सांगते.

नाक्यावरची शेड आमची. म्हणजे जागा पालिकेच्या रस्त्याची, पण पैसा आमचा. आमचे हे गेले तेव्हा माझ्या पोरानं, मनोजनं, बापाच्या नावानं बांधली. वर पत्रा, खाली बसायला कडाप्पा, मागं फरशीवर कोरलेलं 'कै. महादू यांच्या स्मरणार्थ'. गोदामांच्या बसगाड्या तिथंच थांबतात. माझी नात क्षितिजा तिथूनच मानकोलीला जाते, गोदामात पार्सलं स्कॅन करायच्या कामाला. पहिल्या पगारात तिनं मला चपला आणल्या, त्याही मोठ्या मापाच्या. पुढं कापूस कोंबून मी त्याच घालते.

तर त्या शेडीत पोरांचं टोळकं बसायला लागलं. बिअरच्या बाटल्या काय, मोबाईलवर मोठ्यानं गाणी काय. संध्याकाळी पोरी बसमधून उतरल्या की वाट अडवायची, काहीबाही बोलायचं, व्हिडिओ काढायचे. एका दिवशी एकानं क्षितिजाची ओढणी ओढली. पोरीनं घरी येऊन सांगितलं. मनोज म्हणाला, "उद्यापासून काम बंद. आपल्याला काय कमी हाय? जमिनीचं भाडं येतंय."

क्षितिजा म्हणाली, "बाबा, रस्त्यावर बसतात ते, आणि घरात मी बसायचं?"

मनोजनं आवाज चढवला, बापावर गेलाय. मी मधे पडले. म्हटलं, पोलिसात जाते, पालिकेत जाते, बंदोबस्त करून घेते, तोवर तू पोरीला गाडीवरून ने-आण कर. तो म्हणाला, "ठीक हाय. पण पुन्हा असं काय झालं तर काम बंद, मग तू पण मधे बोलायचं न्हाय." मी हो म्हटलं.

मग क्षितिजा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, त्यांच्यात प्रितमकाका होता."

प्रितम म्हणजे माझ्या भावाचा, हरेशचा, एकुलता एक पोरगा. माझं माहेर कोन गाव, इथून रिक्षानं जाता येतं. प्रितम तिथून बाईक उडवत इथं येतो, कारण आपल्या गावात असलं केलं तर बाप फोडून काढील. क्षितिजा म्हणाली, तो स्वतः काय बोलत न्हाय. दोस्त बोलतात आणि हा दात काढून हसतो.

मी तिला म्हटलं, "त्याचं नाव काढू नको. मी बघते."

काय बघणार होते, कर्म माझं. साठी उलटली तरी बाईला माहेर लागतं. आई-बाप केव्हाच गेले. मनोजच्या लग्नात अंतरपाटामागं मामा म्हणून उभा राहिला तो हरेश. हे गेले तेव्हा मला धरून बसला तो हरेश. भाऊबीजेला ओवाळायला मला दुसरं कोण हाय? आपलेच दात नि आपलेच ओठ.

मी तुळजा, मंदा अशा चार बायका गोळा केल्या नि चौकीत गेले. तिथल्या धम्मदिना मॅडम वयानं लहान, पण बाई कामाची. त्यांनी पालिकेच्या वॉर्डातल्या साहेबांना फोन लावला, आणि वॉर्ड ऑफिसात दोघांनी मिळून बैठक ठेवली. साहेब म्हणाले, आता पोलीस नि पालिका बरोबरच काम करणार, तुम्ही बिनधास्त बोला. बायका बिनधास्तच बोलल्या. बाटल्या सांगितल्या, शिट्ट्या सांगितल्या, ओढणी सांगितली. मग मॅडमनी पेन उघडलं.

"नावं सांगा. आज संध्याकाळीच उचलते."

सगळ्या गप्प. तुळजाच्या जावेचा पोरगा त्यात होता. मंदाच्या घरमालकाचा पुतण्या होता. एकजण पदराशी चाळा करत होती, दुसरी पंख्याकडं बघत होती. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, कारण सगळ्यांत जास्त मीच बोलले होते.

मी म्हटलं, "तोंडं बांधलेली असतात हो. ओळखू येत न्हाईत."

मॅडम म्हणाल्या, "आजी, नाव नसेल तर मी कुणाला पकडू?"

साहेबांनी विचारलं, "बरं, जागा तरी सांगा. बसतात कुठं?"

आता सगळ्यांना वाचा फुटली. शेडीत. नाक्यावरच्या शेडीत. हो हो, त्या शेडीतच. शेड कुणाच्या जावेची न्हाय नि कुणाच्या भावाची न्हाय, तिचं नाव घ्यायला कुणाला भीती? मीही म्हटलं, शेडीत.

मग दिवाळीच्या आधी एका सकाळी पोलिसांची गाडी आली आणि मागून पालिकेचा जेसीबी. मला वाटलं, गटाराचं काम असेल. बाहेर येऊन बघते तर त्याचा पंजा शेडीच्या पत्र्यावर. मी पळत गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "आजी, तुमचीच तक्रार होती. ही जागा उपद्रवाची म्हणून पोलिसांचा अहवाल आहे. शिवाय शेडीला परवानगी नव्हती."

"अहो, नवऱ्याच्या नावाची हाय."

"नाव तुम्ही तेवढंच दिलंत," मॅडम म्हणाल्या. रागानं न्हाय बोलल्या, म्हणून जास्त लागलं.

फरशीचे तीन तुकडे झाले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती पण माझ्याच हातानं. ते तुकडे मी घरी आणून तुळशीमागं उभे केले. मनोज मात्र खूश. म्हणाला, बापाची शेड गेली त्याचं वाईट वाटतं, पण टोळकं तरी गेलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं पोरीला एकटं जाऊ दिलं. उन्हात, गाड्यांच्या धुरळ्यात उभी राहायची बिचारी, पण जायची.

आणि एका संध्याकाळी दारात बाईक थांबल्या. प्रितम नि त्याचे तिघे दोस्त. येऊन सरळ माझ्या ओट्यावर बसले.

"आत्या, पाणी दे गं," प्रितम म्हणाला. "शेड पाडली लोकांनी. म्हटलं, आत्याचं घर हाय."

मी पाणी दिलं. आत्याच्या दारात आलेल्या भाच्याला पाणी न्हाय कसं म्हणायचं? ते रोज यायला लागले. आळीतलं कुणी बोलेना. पार्वतीचा भाचा पार्वतीच्या ओट्यावर बसतो, त्यात कोण काय बोलणार. आता क्षितिजाला नाका ओलांडायचा न्हाय, घराचा उंबरा ओलांडायचा होता, तोही त्यांच्या पायांवरून. ती पहिल्यांदा आत आली तेव्हा एकानं शिट्टी घातली. प्रितम हसला. माझ्यादेखत.

मनोजनं एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. मामाच्या पोराला बोलता येत न्हाय, पण पोटच्या पोरीला येतं. रात्री जेवताना तो म्हणाला, "झालं ना पुन्हा? उद्या शेवटची शिफ्ट. राजीनामा देऊन ये."

क्षितिजानं त्याच्याकडं बघितलंच न्हाय. माझ्याकडं बघितलं. "आजी, आता तरी?"

सकाळी मी तिनं आणलेल्या चपला पायात घातल्या नि चौकीत गेले, ती बरोबर होती. मॅडमनी बसायला सांगितलं. मी बसले न्हाय.

"लिहा. प्रितम. बापाचं नाव हरेश, राहणार कोन. माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा."

मॅडमचं पेन थांबलं. "तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

त्यांनी लिहिलं. क्षितिजानं बाकीच्यांची नावं सांगितली, ओढणीचं सांगितलं, एका दमात. मग मॅडमनी विचारलं, "सध्या बसतात कुठं?"

"माझ्या ओट्यावर."

"आजी, तुमचा ओटा रस्त्यात आलाय. पालिकेचे साहेब माझ्याबरोबर असतील. ते मोजणारच."

"मोजू दे. तोडायचा तर ओटा तोडा. या खेपेला पोरांना आधी धरा."

बाहेर नाक्यावर आलो तर फोन वाजला. हरेशचा. त्याला अजून काय माहीत नव्हतं. नेहमीसारखाच बोलला, "बाय, भाऊबीजेला दुपारी येऊ का संध्याकाळी? तुला काय आणू?"

क्षितिजा बाजूला उभी, बसच्या वाटेकडं डोळा लावून. मी म्हटलं, "आधी प्रितमला घेऊन चौकीत ये. मी त्याचं नाव दिलंय. त्यानंतर कधीही ये, मी ओवाळीन."

त्यानं फोन कापला.

बस आली, क्षितिजा चढली, खिडकीतून हात केला. मी घरी आले. भाऊबीजेचं ताट घासून ठेवलंय. निरांजनात वात घातलीय.